पहिल्या पगाराची साडी आणि चालू न होणारं कार्ड

थोरलीच्या पहिल्या पगाराचं कार्ड मी लॅमिनेट करून आणलं, तिथून सगळं बिघडलं. नातवंडांनो, दोष माझा आहे हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे तुमच्या आजोबांना ते पुढं पुढं सांगत बसावं लागणार नाही. पण सगळा दोष माझा नाही. कोणाचा किती, ते तुम्ही वाचून ठरवा.

कार्ड कुरियरनं आलं तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. जालन्यात पाणी आलेलं असताना दारात कोणी येणं म्हणजे काय, ते तुमच्या वडिलांना विचारा. एक बादली भरून वाहत होती, दुसरी भरायची होती, आणि कुरियरवाला म्हणत होता, सही करा, पूर्ण नाव घाला, फोन नंबर घाला. ओल्या हातानं मी ते सगळं केलं. पाणी गेल्यावर पुसलेल्या हातानं पाकीट उघडलं. आत गुळगुळीत कागदाची घडी, तिला चिकटवलेलं एक सोनेरी गिफ्ट कार्ड, आत पैसे भरलेलं, कार्डावर इंग्रजीत माझं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत, आजीला, पहिल्या पगारातून. मी खुर्चीवर बसले.

आपल्याकडची रीत तुम्हाला कोणी सांगितली असेल-नसेल. घरातल्या पोराचा किंवा पोरीचा पहिला पगार झाला की घरातल्या मोठ्या बाईला लुगडं घ्यायचं. तिनं ते नंतरच्या पहिल्याच कार्यात नेसायचं. मग बायका पदराला हात लावून विचारतात, नवं का? आणि ती सांगते, कोणाच्या पगाराचं ते. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी बायका वर्षानुवर्षं वाट पाहतात. केदारखेड्याला माझी धाकटी जाऊ आहे. तिची लेक नोकरीला लागली तेव्हा तिनं पगाराचं लुगडं तीन कार्यांत नेसून दाखवलं. तिसऱ्यांदा तर माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी विचारीपर्यंत पदर सारखा करत राहिली. मी विचारलं. विचारावंच लागलं.

आणि आता पंधरा दिवसांवर त्याच जावेच्या मुलाचा साखरपुडा होता. केदारखेड्यालाच, शुक्रवारी. मी ठरवलं, थोरलीच्या पगाराची साडी तिथं नेसायची. दुसरं काही मला नको होतं.

आता त्या कार्डाबद्दल. त्याच्या तोंडावर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि तीवर इंग्रजीत लिहिलं होतं की पहिल्या वापराआधी कार्ड चालू करून घ्यावे. मी ते वाचलं. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई छापील सूचना वाचल्याशिवाय सोडत नाही. फक्त मला वाटलं, चालू करणं हे दुकानदाराचं काम. गॅसची नवी शेगडी आली की तिची जोडणी एजन्सीचा माणूस येऊन करतो, आपण नाही करत. तसंच हे. शिवाय ती पट्टी तिरकी चिकटवली होती आणि मला तिरकं काही बघवत नाही. मी ती अलगद काढली, माझ्या वहीत सरळ लावून ठेवली, आणि कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

आपल्या घरातलं एकही कार्ड उघडं नाही. आधार, पॅन, रेशनकार्डाचं पहिलं पान, एसटीचा सवलतीचा पास, दवाखान्याचं कार्ड, सगळं लॅमिनेट करून एका डब्यात क्रमानं लावलेलं आहे. आजोबांचं मतदार कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहून दोनदा धुतलं गेलं, तेव्हापासूनचा हा नियम. झेरॉक्सवाल्याच्या दोन्ही बहिणी माझ्या हाताखाली शिकल्या, त्यामुळे तो माझ्याशी वाद घालत नाही. त्या दिवशी त्यानं घालायला हवा होता.

"बाई, हे पण?" तो म्हणाला.

"हे पण."

"हे मशीनीत घालायचं असतंय ना ओ?"

"घालायचं तेव्हा घालू. आधी खराब व्हायला नको."

त्यानं एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि करून दिलं. उष्णतेनं कार्ड किंचित वाकलं. मी ते दोन दिवस शब्दकोशाखाली दाबून सरळ केलं.

साखरपुड्याच्या आधीच्या शनिवारी मी जुन्या जालन्यात कापडाच्या गल्लीत गेले. ज्या शेठकडे तीस-पस्तीस वर्षं जातेय तिथंच. त्यांनी गादीवर ढीग घातला आणि मी तासाभरात एक साडी काढली. गर्द हिरवी इरकल, तांबडा काठ, पदरावर पांढरे पट्टे. दुकानातून बाहेर नेऊन उन्हात पाहिली. रंग पक्का. घडी घालून परत दिली आणि पर्समधून कार्ड काढलं.

शेठनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "बाई, हे कार्ड हाय का पाटी?"

"कार्ड आहे. चालवा."

"घुसतच न्हाई ओ. लई जाड झालंय." त्यांनी मशीनीच्या फटीत दोनदा रेटून पाहिलं. मग कापडाची मोठी कात्री उचलली. "कापू का?"

"जरा जपून."

त्यांनी कडेनं प्लास्टिक कापलं. तरी वरचं-खालचं कार्डाला धरूनच होतं. मग एका कोपऱ्यातून नख घालून, चिप होती तिथलं तेवढं सोललं आणि जोर लावून कार्ड आत घातलं. मशीनीनं पीप केलं.

"काय म्हणतंय?"

"न्हाई म्हणतंय."

"का?"

"का ते सांगायची मशीनला सवय न्हाई, बाई." पण तेवढ्यात चिठ्ठी निघाली आणि तीवर कारण होतं. कार्ड चालू केलेलं नाही.

दुकानात दोघी गिऱ्हाईक बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, पण मला ऐकू येईल इतकं हळू, "म्हाताऱ्या माणसाला कशाला देत्यात असलं काही." मी मागं वळून पाहिलं नाही. शेठ म्हणाले, "तुम्ही साडी घेऊन जा बिलकुल. पैशाचं मंग बघू." पर्समध्ये रोख होतीच. पण रोखीनं घेतली असती तर ती माझ्या पेन्शनची साडी झाली असती, आणि माझ्या पेन्शनच्या साड्यांनी कपाट भरलेलं आहे. मी म्हटलं, बाजूला ठेवा, मंगळवारपर्यंत येते. मंगळवार अशासाठी की फॉल-पिको करणारी बाई दोन दिवस घेते, आणि फॉल न लावलेली साडी मी आयुष्यात नेसलेली नाही.

घरी येऊन भिंग घेतलं आणि तो गुळगुळीत कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. इंग्रजी चांगलं नव्हतं. एका वाक्यात तीन ठिकाणी स्वल्पविराम हवे होते. पण अर्थ कळला. अमुक पानावर जा, कार्डाच्या तोंडावरचे सोळा आकडे घाला, मग कार्डाच्या मागचा रुपेरी पट्टा नाण्यानं हलकेच खरवडा आणि खालचे तीन आकडे घाला.

रुपेरी पट्टा प्लास्टिकच्या खाली होता.

आता हे प्लास्टिक काढायचं कसं? मी इस्त्री मंद तापवली, कार्डावर सुती रुमाल ठेवला, आणि थोडं थोडं शेकून कडेपासून सोलत गेले. अर्धा तास लागला. पाठ भरून आली. निघालं, पण रुपेरी पट्टा प्लास्टिकबरोबर निघून आला, आणि पट्ट्याबरोबर तिसऱ्या आकड्याची डावी बाजूही गेली. उरलं ते तीन असेल किंवा आठ असेल. पान सांगत होतं की तीनदा चुकलात तर कार्ड कायमचं बंद. मी तीन घातला. चूक. हात धुऊन आले, पाणी प्यायले, आठ घातला. पान पुढं सरकलं.

आणि पुढच्या पानावर लिहिलं होतं, तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तीन मिनिटांत घाला. नंबराचे शेवटचे दोनच आकडे दाखवले होते. ते माझ्या हातातल्या फोनचे नव्हते.

थोरले, इथला दोष तुझा. तुझ्या वडिलांनी मला हा मोठा फोन दिला त्याला चार वर्षं झाली. पण तुझ्या लेखी आजीचा नंबर म्हणजे तो जुना बटणांचा फोन, लहानपणी तू ज्यावर मला शाळेतल्या भांडणांच्या तक्रारी करायचीस तो. तू तोच नोंदवलास. तो फोन आता आजोबांकडे असतो. आणि आजोबा गुरुवारपासून केदारखेड्याला होते. घरातले मोठे म्हणून मांडवाची आणि स्वयंपाक्याची देखरेख करायला.

मी लगेच फोन लावला. लागला नाही. शेतात असले की रेंज नसते. ओटीपी गेला.

रविवारी सकाळी आधी फोन लावला, ते घराच्या ओट्यावर असल्याची खात्री केली, मगच ओटीपी मागवला आणि परत लावला.

"अहो, एक मेसेज आला असेल. सहा आकडी. तो सांगा मला."

"आलाय."

"सांगा मग."

"कशाला?"

"थोरलीच्या कार्डासाठी. लवकर सांगा, तीन मिनिटांत संपतो."

"म्हंजे ओटीपीच हाय न्हवं हा?"

"हो."

"मंग न्हाई सांगत."

मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं. तिकडून अगदी शांत आवाज आला. "तूच सांगितल्तं. कोणालाही द्यायचा न्हाई. मी इचारल्तं, तू मागितला तरी? तू म्हणली, मी मागितला तरी."

हे खरं होतं. त्याच वर्षी आपल्या गल्लीतल्या एका घरी फोनवरून फसवणूक झाली होती, तेव्हा मी आजोबांना समोर बसवून हे पाठ करून घेतलं होतं. तीनदा म्हणायला लावलं होतं. आवाजावरसुद्धा विश्वास ठेवू नका, हल्ली आवाज हुबेहूब काढतात, हेही मीच सांगितलं होतं. लग्नाला बावन्न वर्षं झाली. भाजी आणताना यादीतली एक वस्तू विसरल्याशिवाय हा माणूस कधी परत आला नाही. आणि एवढं एक मात्र त्यांनी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं.

"अहो, मीच बोलतेय!"

"आवाज तर तुझाच हाय," ते म्हणाले. "पण तू म्हणल्ती आवाजाचं काय खरं न्हाई."

"मग काय करू म्हणजे पटेल तुम्हाला?"

ते विचार करत होते. माझ्या समोरच्या पानावर सेकंद पळत होते. "माझ्या आईचं माहेर कोणतं?"

मी सांगितलं.

"हे तर समद्या गावाला म्हाईत हाय. आपल्या लग्नात जेवणावळीला काय कमी पडल्तं?"

"पुऱ्या! पुऱ्या कमी पडल्या होत्या, आणि तुमच्या मामांनी त्यावरून माझ्या वडिलांना सगळ्यांदेखत बोल लावला होता, आणि ते मी अजून विसरलेले नाही!"

"हां," ते म्हणाले, "मंग तूच हायस. थांब, फोन ठेवतो, बोलताना मेसेज दिसत न्हाई ह्याच्यावर." त्यांनी फोन ठेवला. त्यांना मेसेज उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. परत फोन आला तेव्हा त्यांनी सहाही आकडे अगदी बरोबर सांगितले. पानावर लिहून आलं होतं, मुदत संपली. पुन्हा प्रयत्न केला तर पान म्हणालं, आता चोवीस तास थांबा.

त्याच संध्याकाळी परदेशातून तुम्हा दोघा भावंडांचा व्हिडिओ कॉल आला. थोरले, तू विचारलंस, "आजी, कार्ड चालू झालं का? काही अडचण आली तर मला सांग, इथून करता येईल." आणि मी म्हटलं, "झालं की. त्यात काय." असं मी का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुझ्या बापाचे, काकाचे, निम्म्या केदारखेड्याचे इंग्रजी अर्ज ज्या बाईनं भरले, तिला एक कार्ड चालू होत नाही, हे तुझ्यासमोर बोलायला जीभ वळली नाही. खोटं बोलले आणि दाराला कुलूप घातल्यासारखं झालं. आता तुझी मदत मागायची सोय राहिली नाही.

सोमवारी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. हिंदीसाठी हे बटण, इंग्रजीसाठी ते. मराठीला बटण नव्हतं. मी इंग्रजीचं दाबलं. अठरा मिनिटं सनई वाजत राहिली, मग एक बाई आली. फार गोड बोलली. नंबर बदलायचा असेल तर ज्यांनी कार्ड विकत घेतलं त्यांनी विनंती करायला हवी, म्हणाली. मी म्हटलं, विकत घेणारी सातासमुद्रापार आहे. म्हणाली, समजू शकते, मॅडम. मी म्हटलं, तो फोन माझ्या नवऱ्याकडे आहे आणि त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?" मी म्हटलं, अजून पहिलीच कुठं केलीत?

मंगळवारी दुपारी मला एक युक्ती सुचली. जावेच्या फोनवर बोलायचं, आजोबांनी शेजारी बसून बटणांच्या फोनवरचा मेसेज वाचायचा. सरळ गोष्ट. मी जावेला फोन केला.

"आक्का व्हय?" ती म्हणाली. "का कुणी दुसरं?"

"दुसरं कोण असणार? भावजींना दे फोन."

"न्हाई, म्हणलं इचारून घ्यावं. रविवारी भावजींनी समद्यांना सांगून ठेवलंय, कुणीतरी आक्काचा आवाज काढून फोन करतंय म्हणून."

"अगं, पण त्यांना पटलं होतं ना मीच ते!"

"पटल्तं. पण मंग आमचे हे म्हणले, पुऱ्याचं तर मलाबी म्हाईत हाय, वऱ्हाडातल्या दोनशे माणसाला म्हाईत हाय. तवा भावजींना परत शंका आली." ती खदखदून हसायला लागली. मागं आणखी दोघीतिघी हसत होत्या. "आक्का, खरं सांगू का, भावजींनी फोन कमरंच्या करदोट्याला बांधलाय. आंघुळीला जाताना बी सोडून न्हाई राह्यले."

"त्यांना फोन दे."

"ते स्वयंपाक्याकडं गेलेत राजूरला. संध्याकाळी येत्याल."

संध्याकाळी आले तेव्हा शेठचं दुकान बंद व्हायला आलं होतं आणि फॉल-पिकोवाली बाई तर मंगळवारी लवकरच घरी जाते. मी पंचांगाशेजारी टांगलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बसत नव्हतं. मी कपाट उघडलं आणि मागच्या वर्षीची किरमिजी साडी इस्त्रीला काढली.

आता तुम्ही म्हणाल, बुधवारी केदारखेड्याला जाऊन कार्ड चालू करून आणायचं होतं आणि साडी फॉलशिवाय नेसायची होती. तुमच्या वडिलांनी हेच म्हटलं. ज्यांना फॉल म्हणजे काय ते माहीत नाही त्यांनी यावर बोलू नये.

शुक्रवारी सकाळी भोकरदनच्या बसनं गेले. उतरले तर फाट्यावरच आजोबा उभे. मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "आता कसं, समोर हायस म्हणल्यावर प्रश्नच न्हाई." मी पुढं चालायला लागले. घरी पोचल्यावर पर्समधून मोठा फोन काढला, कार्ड काढलं, आणि ओटीपी मागवला. आजोबांनी करदोट्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. पाऊण मिनिट त्यात गेलं. मग फोन हातात आल्यावर त्यांनी मला खूण केली आणि मांडवातून बाहेर, पाण्याच्या टाकीच्या मागं घेऊन गेले.

"इथं कशाला?"

"तिथं माणसं हायेत. ऐकलं तर?"

त्यांनी मेसेज उघडून फोन माझ्या तोंडासमोर धरला. तोंडानं आकडे सांगितले नाहीत, ते नाहीच. मी बघून घातले. पानावर हिरवी खूण आली. चालू. कार्ड चालू झालं, साखरपुड्याच्या दिवशी, सकाळी सव्वादहाला, केदारखेड्यात, आणि साडी चाळीस किलोमीटरवर जुन्या जालन्यात शेठच्या फळीवर.

दुपारी ओटी भरून झाल्यावर बायका ओसरीवर बसल्या. मी शक्यतो कडेला बसले होते. पण जाऊ बरोबर येऊन माझ्या शेजारीच बसली, माझ्या पदराला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "आक्का, हे तर मागल्या साली नेसल्त्या. नातीला नोकरी लागली म्हणे. तिनं काय पाठवलं मंग?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी पर्स उघडली आणि कार्ड काढून तिच्या हातात दिलं. त्याच्या कडेला अजून प्लास्टिकच्या चिंध्या चिकटलेल्या होत्या.

तिनं ते पालथं केलं, उलथं केलं. "हे?"

"हे."

"लई झिरझिरीत हाय ओ, आक्का."

ओसरी हसून फुटली. कार्ड हातोहात फिरायला लागलं. कोणी म्हणालं, पदर कुठून काढायचा. कोणी म्हणालं, काठ बरा हाय पण, सोनेरी. नवरीच्या आजीला कमी दिसतं, तिनं बोटांनी चाचपून विचारलं, "कापड कोणतंय बाई?" आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, त्यामुळे मला तिच्यावर चिडताही येईना. मी सांगायला सुरुवात केली की यातून साडी घ्यायची असते, घेऊन ठेवली आहे, जालन्यात आहे, हिरवी आहे. जसं जसं सांगत गेले तसं तसं ते मलाच खोटं वाटायला लागलं. शेवटी मी पदर सारखा करत बसले.

तेव्हा जावेनं कार्ड सगळ्यांकडून परत गोळा केलं. त्यावरचं माझ्या नावाखालचं बारीक इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय हे?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "परत गेल्या की साडी घ्या आन् ह्या दिवाळीला नेसून या," ती म्हणाली. "मी इचारते." मग उठून पंगतीकडे गेली. मला तिचा फार राग आलेला होता. तो तिथल्या तिथं कुठं ठेवावा ते कळेना.

शनिवारी दुपारच्या बसनं आम्ही दोघं परत आलो आणि मी घरी न जाता सरळ कापडाच्या गल्लीत गेले. मनात धाकधूक होती की लग्नसराईत साडी गेली असेल. शेठ म्हणाले, "छे ओ, हिरवी कोण घेतंय आता? पोरींना समद्या फिकट लागत्यात." म्हणजे मी आठवडाभर ज्या साडीसाठी जीव टाकला तिला दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. कार्ड आत गेलं. मशीनीनं पीप केलं आणि मुकाट्यानं चिठ्ठी दिली. आजोबा बाकावर बसून चहा पीत होते. म्हणाले, "बघ, किती सोपं हाय."

फॉल-पिको होऊन आली ती बुधवारी. रविवारी तुमचा फोन यायच्या आधी मी ती नेसले. दिवाळी लांब आहे आणि माझ्या वयाला लांबचे बेत परवडत नाहीत. फोन आला. थोरले, तू मला पाहिलंस आणि पहिलं काय विचारलंस? "आजी, कुठे निघालीस?"

"कुठं नाही."

"मग एवढी नटलीस का?"

मी आजोबांच्या हातात फोन दिला आणि मागं सरून उभी राहिले, काठ दिसावा म्हणून. पदर हातावर पसरला. तुम्ही दोघं पडद्याजवळ सरकलात. मग धाकटा म्हणाला, "आजी, आम्हाला नुसतं गुलाबी दिसतंय."

"गुलाबी कसं असेल? हिरवी आहे!"

"गुलाबी आणि मधे नख."

"अहो," मी म्हटलं, "अंगठा काढा."

"कुठला?"

"तुमचा! कॅमेऱ्यावर आहे तो!"

त्यांनी अंगठा काढला, फोन उलटा धरला, मग आडवा धरला, आणि मी पदर तसाच पसरून, हात दुखायला लागले तरी, उभी राहिले.